आमचा गडी

माझ्या फोनमध्ये व्हेनिसचे दोनशेच्या वर फोटो आहेत. घरी पाहुणे आले की बायको ते दाखवायला बसते. पाण्यात उभी घरं, पुलांवर उभे आम्ही तिघं मित्र, कबुतरं, आईस्क्रीम. मध्येच एक फोटो येतो, त्याच्या आधी मी काही तरी निमित्त काढून तिच्या हातातून फोन घेतो आणि दोन फोटो पुढे सरकवतो. त्या फोटोत माझा मित्र एका पुलाच्या पायऱ्या चढतोय. त्याच्या खांद्यावर माझी बॅग आहे, हातात माझी दुसरी बॅग आहे, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. एकदा मला उशीर झाला आणि शेजारीण म्हणाली, "किती साधे आहेत हो तुमचे मित्र." मी चहा गरम करायच्या बहाण्याने आत गेलो.

हा मित्र तांडेल आहे, म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा मुख्य. बोट कुठे न्यायची, जाळं कधी सोडायचं, हे तो ठरवतो आणि बाकीचे ऐकतात. आमचं गाव आगरदांड्याच्या जवळ, खाडीच्या तोंडाशी. त्याचा बापही तांडेल. माझे वडील जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या लाँचची तिकिटं फाडायचे. आम्ही दोघं एका बाकावर बसून सातवीपर्यंत शिकलो, आणि संध्याकाळी ओहोटी लागली की ओल्या वाळूत कबड्डी खेळलो. खरं सांगायचं तर शिकलो कमी आणि खेळलो जास्त.

आमच्याकडे 'गडी' हा शब्द कबड्डीच्या मैदानातून येतो. दोन म्होरके समोरासमोर उभे राहतात आणि पोरं वाटून घेतात. "ह्यो माजा गडी," म्हणत ज्याच्या खांद्यावर हात पडला, तो त्या डावापुरता त्याच्या जिवाचा. मी काटकुळा होतो, चढाईपुरता बरा. माझा मित्र दांडगा, पकडीत वस्ताद. तो म्होरक्या झाला की पहिला हात माझ्या खांद्यावर पडायचा. माझ्याहून चांगली चार पोरं रांगेत उभी असायची, ती कुरकुरायची. त्याला फरक पडायचा नाही. मी बाद होऊन रेषेबाहेर बसलो की तो हट्टाने स्वतः चढाईला जायचा. पलीकडचा एक मारला की आपला बाद झालेला एक गडी उठून आत येतो, म्हणून. चढाई त्याला कधीच जमली नाही. स्वतः बाद व्हायचा, पण जायचा. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. तो मला "गड्या" म्हणायचा आणि मी त्याला.

गडी म्हणजे घरचा नोकर, हा दुसरा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला. पुण्याकडच्या पोरांच्या घरी गडी असायचे. ते झाडलोट करायचे, पाणी भरायचे.

व्हेनिसचं खूळ मुरूडच्या एका न्हाव्याच्या दुकानातलं. तिथे भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष उलटलं तरी त्याने ते काढलं नव्हतं, कारण चित्र फार छान होतं. घराच्या दारातच पाणी, आणि दाराला होडी बांधलेली. केस कापून होईपर्यंत आम्ही ते बघत बसायचो. माझ्या मित्राने न्हाव्याला विचारलं होतं, "काका, ह्यांच्या घरात उधानाचं पानी शिरत न्हाय का?" न्हावी म्हणाला, जाऊन बघा आणि मला सांगा. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, आपण जाऊ. दोघंच. शपथ घेतली. दहा वर्षांची पोरं रोज एक शपथ घेतात, त्यातलीच ती एक.

पुढे तो बोटीवर गेला, मग आखातात. तिथे एका बार्जवर बारा वर्षं काढली, परत आला, स्वतःची बोट केली. मी न्हावा शेव्याला बंदराच्या कामात शिरलो. लोकांचे कंटेनर कस्टममधून सोडवून देतो. पहिल्या नोकरीत एकदा साहेबांसमोर तोंडातून "न्हाय" निघालं आणि सगळं ऑफिस हसलं. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली. पाचेक वर्षांत ती इतकी स्वच्छ झाली की पनवेलच्या सोसायटीत लोक मला विचारायचे, तुम्ही मूळचे पुण्याचे का? मी हसायचो. नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढाही मी कधी काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी शिमग्याला गावी गेलो होतो. पन्नाशी उलटलेल्या म्हाताऱ्यांचा कबड्डीचा सामना झाला, आम्ही दोघं एका बाजूने खेळलो, जिंकलो, आणि त्या धुंदीत मी म्हणालो, "गड्या, येत्या दिवाळीत व्हेनिसला जायचं. त्या कॅलेंडरातल्या."

त्याने माझ्याकडे बघितलं. "खरं बोलतोस?"

"अगदी खरं."

पनवेलला परतेपर्यंत मला थोडा पश्चात्ताप झाला, हे कबूल करतो. त्याच्याशी गावच्या वाळूत बोलणं वेगळं आणि युरोपात बरोबर घेऊन फिरणं वेगळं, असं काही तरी मनात आलं. पण त्याने आखातातला पासपोर्ट शोधून तारखा बघितल्याही होत्या. मग मी धंद्यातल्या एका मित्राला बरोबर घेतलं. हा उरणकडचा ट्रकवाला. त्याच्या बापाची मिठागरं होती, आता याचे ट्रक बंदरात धावतात. मला वाटलं होतं, तो असला म्हणजे मला बोलायला कुणी तरी राहील. झालं उलटंच. विमानात बसल्यापासून ट्रकवाल्याची आणि तांडेलाची अशी गट्टी जमली की दोघं मोठमोठ्याने आपापल्या बोलीत मिठागराच्या आणि बोटीच्या गप्पा मारायला लागले. मी कानात गाणी घालून बसलो.

विमानतळावरून शहरात बोटीने जायचं होतं. बोट धक्क्याला लागायच्या आत माझा मित्र धक्क्याच्या पायरीवर उकिडवा बसला, हात पाण्यात बुडवला आणि बोट चाटलं.

"खारट हाय," तो म्हणाला, "पन आपल्याएवडं न्हाय. कुठनं तरी नदी येतेय."

"अरे, लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू दे की. त्यांचंच पानी हाय."

ट्रकवाला खो खो हसला. मी हसलो नाही. बाजूला एक गोरी बाई आपल्या नवऱ्याला कोपराने डिवचून त्याच्याकडे दाखवत होती, आणि मला वाटलं, ती मलाच दाखवतेय.

त्या संध्याकाळी तो त्या लांबट काळ्या होड्यांपाशी तासभर उभा राहिला. होडीवाला मागे उभा राहून एकाच वल्ह्याने एकाच बाजूला वल्हवत होता, तरी होडी सरळ जात होती. माझ्या मित्राला ते सहन होईना. तो वाकून वाकून बघत होता. शेवटी त्याने मांडीवर थाप मारली. "वाकडी बांधली हाय रं! मुद्दाम! एक कूस मोठी ठेवलेय, म्हनून सरळ जाते!" मग हाताने होडीचा आकार करून त्याने होडीवाल्याला मराठीतून तेच सांगितलं. होडीवाला आधी दचकला, मग खूश झाला, त्याच्या खांद्यावर हात टाकून आपल्या भाषेत काय काय सांगायला लागला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचं बोलणं थांबत नव्हतं. मी वीस पावलं लांब एका दुकानाच्या काचेत मुखवटे बघत उभा होतो. मला एकही मुखवटा घ्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या चौकात जायला निघालो. खोलीतून खाली उतरल्यावर मित्राने भिंतीवरच्या हिरव्या शेवाळाच्या रेघेकडे बघितलं.

"बूट नको घालूस," तो मला म्हणाला. "अवस होऊन दोन दिस झालेत. उधान हाय. दहा-साडेदहापर्यंत पानी वर येईल."

"ही काय दिघीची खाडी आहे?" मी म्हणालो. "इथे त्यांनी समुद्राला दरवाजे बसवलेत."

"बसवले असतील. चंद्राला थोडेच बसवलेत."

मी नवे चामड्याचे बूट घातले. त्याने आणि ट्रकवाल्याने चपला घातल्या. साडेदहाला चौकातल्या फरशांमधून पाणी वर यायला लागलं. समुद्राकडून नाही, खालूनच, गटारांच्या भोकांतून. बघता बघता घोट्यापर्यंत आलं. लोकांना चालायला फळ्या टाकलेल्या होत्या, त्यांवर ही गर्दी. माझे बूट आणि मोजे भिजून चिंब झाले होते आणि डोकं तापलं होतं. आपण चुकलो याचा राग माणसाला ज्याने बरोबर सांगितलं त्याच्यावरच येतो.

माझा मित्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला काखेत मारून पाण्यात उभा होता. त्याच्या तोंडावर मी इतका आनंद क्वचित बघितलाय. न्हाव्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं होतं. "शिरतं रं गड्या! घरात पानी शिरतं!" तो ओरडला. मग माझे पाय बघून जवळ आला. "काढ बूट. दे हिकडं, मी धरतो. तू फळीवर चढ, नायतर ताप येईल."

मी बूट काढून दिले. खांद्यावरची पिशवीही त्यानेच उतरवून घेतली. मी मोजे खिशात कोंबून फळीवर चढलो. ट्रकवाला फोटो काढत पुढे निघून गेला होता.

फळीवर माझ्या पुढे साठीचं एक जोडपं होतं. बाईंनी मराठी ऐकून मागे वळून बघितलं. पुण्याचे. त्यांचा मुलगा जर्मनीत. बोलणं किती स्वच्छ, किती गोड. मी पण माझं ठेवणीतलं मराठी काढलं. नाटकांवर बोलणं झालं, हवेवर झालं, जर्मनीतल्या पोळ्यांवर झालं. ते काका म्हणाले, "तुम्ही कोथरूडला असता की सदाशिवात?" मी म्हणालो, "सध्या पनवेलला." त्या 'सध्या'ची मला अजून शरम वाटते, पण ती पुढच्या गोष्टीपुढे काहीच नाही.

बाईंचं लक्ष खाली गेलं. चार हातांवर माझा मित्र पाण्यातून आमच्या बरोबरीने चालत होता, एका हातात माझे बूट, खांद्यावर माझी पिशवी.

"हे तुमच्याबरोबरचे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आमचा गडी आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी नंतर स्वतःला कितीदा तरी सांगितलं. ते खोटं आहे. 'मित्र' हा शब्द तोंडात आला होता. तो मी गिळला आणि दुसरा शोधला. तो असा शोधला की त्याला पुढचं आणि मागचं अशी दोन दारं असावीत. बाई पुढच्या दाराने आत येतील, आणि कुणी धरलंच, तर मी मागच्या दाराने निघून जाईन. हे सगळं एका क्षणात झालं, पण विचार न करता झालं नाही.

"अगं बाई! युरोपात गडी घेऊन आलात!" बाई हसल्या. "हौस आहे हं!"

काका हसले. आणि मी हसलो. चांगला खळखळून हसलो.

मित्राने वर बघितलं. त्याने ऐकलं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. पाण्याचा आवाज होता, लोक बोलत होते. मग बाई खाली वाकून त्याला म्हणाल्या, "अहो मामा, आमचीही एवढी पिशवी धरता का? फोटो काढायचाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी चौकातल्या मोठ्या चर्चच्या घुमटाकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "धरतो. द्या."

'व्हय' नाही म्हणाला. 'हो' म्हणाला. अगदी शाळेतल्या बाईंसमोर म्हणायचा तसा. तेव्हा मला कळलं की त्याने ऐकलंय.

तो त्यांचा फोटो होईपर्यंत पिशवी पोटाशी धरून, पाणी लागू न देता उभा राहिला. बाईंनी त्याचे आभार मानले आणि मला म्हणाल्या, "चांगला माणूस मिळालाय तुम्हाला." खाली उतरून, त्याच्या शेजारी उभं राहून सांगायला चार हातांचंच अंतर होतं. अहो, हा माझा मित्र आहे, बालपणचा, मला उचलून खेळायला घेणारा. एवढंच वाक्य. ते जोडपं पुढच्या फळीवर वळेपर्यंत मला पुरेसा वेळ होता. मी त्यांना हात हलवून अच्छा केलं.

त्या दिवशी आम्ही आणखी दोन बेटं बघितली. काचेची भट्टी बघितली. मित्र सगळीकडे आला, ट्रकवाल्याशी बोलला, जेवला. माझ्याशीही वाकडं बोलला नाही. फक्त कुठल्याही दुकानात शिरताना तो दाराशी थांबायचा आणि मला पुढे जाऊ द्यायचा.

तिसऱ्या दिवशी सामान घेऊन बोटीच्या धक्क्यापर्यंत चालायचं होतं. व्हेनिसमध्ये गाडी नाही, हातगाडीही पुलाच्या पायऱ्यांवरून न्यायची, आणि दर शंभर पावलांवर पूल. मी खोलीतून बाहेर आलो तर माझ्या दोन्ही बॅगा नव्हत्या. त्या घेऊन तो खाली उभा होता. स्वतःची छोटी पिशवी त्याने पाठीला बांधली होती.

"ठेव, मी घेतो," मी म्हणालो.

"असू द्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अरे, काय चाललंय तुझं? दे इकडे."

"राहू द्या हो. सवय आहे मला. तुम्ही चला पुढं."

पन्नास वर्षांत त्याने मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. चिडून नाही, टोमणा म्हणूनही नाही. सरळ, मऊ आवाजात, जसं बोटीच्या शेठशी बोलावं तसं. ट्रकवाल्याला काही ठाऊक नव्हतं. पुलावर त्याने हाक मारली, "ए तांडेल, हिकडं बघ!" आणि तो फोटो काढला. मित्र हसला, कारण ट्रकवाल्यावर त्याचा काही राग नव्हता.

विमानतळाच्या बोटीत ट्रकवाला झोपल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.  मग मी त्या शब्दाचं मागचं दार उघडलं.

"गड्या, काल त्या बाईंना मी जे म्हणालो ना, ते आपल्या अर्थाने म्हणालो. आपण कबड्डीत म्हणतो तसं. गडी म्हणजे आपला गडी. त्यांना दुसरंच वाटलं, मी काय करू?"

तो पाण्याकडे बघत होता. बोट ज्या खुणेच्या खांबांमधून चालली होती, ते मोजत असावा.

"असेल," तो म्हणाला. "मग हसलात कशाला?"

मी उठून माझ्या जागेवर जाऊन बसलो. 

परतल्यावर मी तीनदा फोन केला. तीनदाही त्याने उचलला, मुलांची चौकशी केली, पापलेट पाठवू का विचारलं. सगळं "तुम्ही"मध्ये. भांडला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी आगरदांड्याला जाऊन त्याचे पाय धरले असते. पण आदर देणाऱ्या माणसाचे पाय कसे धरायचे? एकदा मी फोनवर म्हणालो, "चुकलो रे मी." तो म्हणाला, "छे छे, तुमचं काय चुकलं?" आणि मी पापलेटचा भाव विचारला, कारण काय चुकलं ते तोंडाने सांगायची मला लाज वाटत होती. म्हणजे तेव्हाही मला स्वतःचीच पडली होती.

पुढच्या शिमग्याला मी गावी गेलो. मुद्दाम गेलो. धुळवडीच्या दुपारी ओहोटीच्या वाळूत रेषा आखलेल्या होत्या, म्हाताऱ्यांचा सामना व्हायचा होता. मी पनवेलहूनच हाफ पँट पिशवीत घालून आणली होती. ती चढवून मी रांगेत उभा राहिलो. दोन म्होरके समोरासमोर आले. एका बाजूला शाळेचे निवृत्त मास्तर, दुसऱ्या बाजूला माझा मित्र.

गडी वाटायला सुरुवात झाली. मास्तरांनी एक उचलला, मित्राने एक. मास्तरांनी एक, मित्राने एक. रांगेत शेवटी मी एकटा उरलो. मास्तरांचे सात झाले होते. मित्राचे, त्याला धरून, सहा.

मला वाटलं, आता येईल. माझा खांदा आपोआप थोडा पुढे झाला. या वयात, चारचौघांत, मी अक्षरशः खांदा पुढे केला.

तो माझ्याकडे चालत आला. दोन हात अंतरावर थांबला आणि कडेला बसलेल्या पोरांकडे वळून म्हणाला, "अरे, एक खुर्ची आना रं. पाव्हने उभे हायत."

प्लास्टिकची खुर्ची आली. रेषेच्या बाहेर, वाळूत रोवून ठेवली. कुणी तरी थंड बाटली हातात दिली. मास्तर ओरडले, "तांडेल, तुझा एक गडी कमी हाय की!"

"चालंल," माझा मित्र म्हणाला. "सहा जनांत खेळू."

मी बसलो. पहिल्याच डावात मित्राच्या बाजूचा एक जण बाद होऊन माझ्या खुर्चीशेजारी वाळूत येऊन बसला, आणि मित्र मांडीवर थाप मारून त्याला उठवायला चढाईला गेला.